शेवटचे दहा मीटर

तर मंडळी, अमेरिकेच्या लष्कराने अब्जावधी डॉलर खर्च करून आकाशात उपग्रह फिरत ठेवले आहेत, आणि तिथली बरीच सुशिक्षित माणसं रविवारी सकाळी उठून त्या उपग्रहांच्या मदतीने झाडाच्या ढोलीत लपवलेला प्लॅस्टिकचा डबा शोधत फिरतात, असं कोणी सांगितलं तर तुम्ही काय म्हणाल? माझ्या रूम पार्टनरने "रिकामटेकडे!" एवढंच म्हणून चादर डोक्यावरून ओढून घेतली. पण या रिकामटेकड्यांच्या खेळात सर्व्हेइंग, फ्लुइड मेकॅनिक्स आणि थोडंसं आइन्स्टाईनसुद्धा आहे. शिवाय हा खेळ नदीकाठी खेळला तर त्यात जीवही गुंतलेला असतो. म्हणून हा लेख.

खेळाचं नाव जिओकॅशिंग. कोणीतरी एक डबा लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश वेबसाइटवर टाकतो. (यातलं कुठलं आडवं आणि कुठलं उभं, हे मला मनात 'लॅटिट्यूड' म्हटल्याशिवाय आठवत नाही. कॉन्व्हेंटचे संस्कार, दुसरं काय!) बाकीच्यांनी जीपीएस घेऊन तो शोधायचा. डब्यात एक छोटी वही असते, तिच्यात नाव आणि तारीख लिहायची आणि डबा होता तिथे, होता तसाच ठेवून द्यायचा. काही डब्यांत किरकोळ खेळणी, बिल्ले वगैरे असतात. त्यातलं काही घेतलं तर तेवढ्याच मोलाचं काहीतरी ठेवायचं. बघायला कोणी येत नाही, सगळा मामला विश्वासाचा. आजूबाजूच्या ज्या लोकांना या खेळाचा पत्ताच नसतो त्यांना हे खेळाडू 'मगल' म्हणतात. हा शब्द हॅरी पॉटरमधून उचललेला आहे हे सांगायला नकोच.

हा खेळ कधी सुरू झाला याची अगदी तारीख सांगता येते. जीपीएस मुळात लष्करी. तुमच्या-आमच्यासाठी जो सिग्नल खुला होता त्यात मुद्दाम चूक मिसळलेली असायची. तिला 'सिलेक्टिव्ह अव्हेलेबिलिटी' असं भारदस्त नाव होतं. त्यामुळे आपली जागा शंभर मीटरपर्यंत इकडे-तिकडे दिसायची. १ मे २००० रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी ही भेसळ बंद करायची घोषणा केली आणि त्या मध्यरात्रीच ती बंद झाली. जगातले सगळे नागरी रिसीव्हर एका रात्रीत, एकही पार्ट न बदलता, हुशार झाले. लगेच ३ मे रोजी डेव्ह अल्मर या गृहस्थांनी ऑरेगन राज्यात, पोर्टलंड शहराजवळच्या बीव्हरक्रीकच्या रानात एक काळी बादली ठेवली आणि तिचे आकडे इंटरनेटवर जाहीर केले. बादलीत व्हिडिओ कॅसेट, पुस्तक, सॉफ्टवेअर, गलोल असं काहीबाही आणि चक्क बीन्सचा एक सीलबंद टिन होता. तीन दिवसांत दोघांनी ती बादली शोधून काढली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जेरेमी आयरिश यांनी वेबसाइट सुरू केली तेव्हा जगात असे ७५ डबे होते. २०१७ मध्ये हा आकडा ३० लाखांवर गेला. आपल्याकडे पुण्या-मुंबईतही थोडे आहेत.

आता जरा थिअरी. घाबरू नका, ओरलला विचारणार नाहीत.

जीपीएसचा उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटरवर फिरतो आणि सारखं एकच सांगत असतो : "मी इथे आहे, आणि माझ्या घड्याळात इतके वाजलेत." सिग्नल पोचायला किती वेळ लागला त्यावरून रिसीव्हर अंतर काढतो. प्रकाश एका नॅनोसेकंदात साधारण ३० सेंटिमीटर जातो, म्हणजे घड्याळ जरासं चुकलं तरी आपण शेजारच्या गावात! उपग्रहावर अणुघड्याळ असतं, आपल्या मोबाइलमध्ये नसतं. म्हणून एक्स, वाय, झेड आणि मोबाइलच्या घड्याळाची चूक अशी चार अज्ञातं होतात, आणि चार समीकरणांसाठी कमीत कमी चार उपग्रह लागतात. सापेक्षतावादामुळे वरचं घड्याळ रोज ३८ मायक्रोसेकंद पुढे जातं. ते आधीच दुरुस्त केलेलं असतं, नाहीतर दिवसाला दहा किलोमीटरच्या हिशेबाने चूक साठत जाईल.

एवढं सगळं करूनही मोकळ्या आकाशाखाली मोबाइलची अचूकता साधारण पाच मीटर. इथे एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ज्याने डबा लपवला त्याच्याही मोबाइलमध्ये पाच मीटरची चूक होती. दोन स्वतंत्र चुकांची सरळ बेरीज होत नाही, वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ होतं. म्हणजे सात मीटर. त्यात उंच झाडं आली, सिग्नल पानांतून गळून आला, किंवा पाण्यावर आपटून उशिरा पोचला (यालाच मल्टिपाथ म्हणतात), की झाले दहा. थोडक्यात, उपग्रह तुम्हाला हजारो किलोमीटरवरून बरोबर आणतो आणि शेवटच्या दहा मीटरांवर हात सोडतो. तिथून पुढे डोळे आणि डोकं.

आकडे लिहायची पद्धतही माहीत हवी. या खेळात अंश आणि दशांश मिनिटं लिहितात. अल्मर यांच्या बादलीचे आकडे उत्तर ४५° १७.४६०', पश्चिम १२२° २४.८००'. यातला शेवटचा अंक एकाने बदलला तर उत्तर-दक्षिण दिशेत १.८५ मीटर फरक पडतो. पूर्व-पश्चिम दिशेत तिथे फक्त १.३ मीटर, कारण रेखांश ध्रुवाकडे जवळजवळ येत जातात. महाराष्ट्रात हाच फरक साधारण पावणेदोन मीटर येईल. पण कोणी १७.४६० ला १७ मिनिटं ४६ सेकंद असं वाचलं, तर गडी साडेपाचशे मीटर उत्तरेला! रानात साडेपाचशे मीटर म्हणजे थोडी पायपीट. नदीवर साडेपाचशे मीटर म्हणजे कदाचित पलीकडचा काठ.

आणि आता आपण नदीवरच जाऊ. ती पहिली बादली ज्या खोऱ्यात ठेवली गेली त्याच खोऱ्यातली ही नदी, विलॅमिट. (स्पेलिंग बघून 'विलामेट' म्हणाल तर तिथले लोक हसतात. जोर 'लॅ'वर.) ही सुमारे ३०० किलोमीटर लांबीची नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते, पोर्टलंड शहरातून जाते आणि कोलंबिया नदीला मिळते. तिच्यावर 'वॉटर ट्रेल' आहे, म्हणजे पाण्यावरची पायवाट म्हणा. २०१२ मध्ये तिला राष्ट्रीय वॉटर ट्रेलचा दर्जा मिळाला. पायवाट म्हटल्यावर कोणी काही खणलेलं नाही की बांधलेलं नाही. काठाकाठाने होड्या उतरवायच्या जागा, होडीनेच पोचता येईल असे मुक्कामाचे तळ आणि मैलामैलाचे नकाशे, एवढं मिळून ती वाट होते. होड्या दोन प्रकारच्या. कनू वरून उघडी असते आणि एकाच पात्याच्या वल्ह्याने मारतात. कयाकमध्ये पाय लांब करून पाण्याच्या अगदी जवळ बसतात, आणि वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती असतात.

या होड्यांच्या धक्क्याचं डिझाइन बघण्यासारखं असतं. मोटारबोटीचा धक्का पाण्यापासून बराच उंच असतो. तिथून कयाकमध्ये उतरायला गेलात तर होडीआधी तुम्हीच पाण्यात जाल. म्हणून कयाकचा धक्का पाण्यापासून जेमतेम वीतभर उंच ठेवतात, आणि तो तरंगता असतो. नदीच्या तळात ठोकलेल्या खांबांवर तो पाण्याबरोबर वर-खाली सरकतो. काठाला जोडणारा छोटा पूल बिजागरीवर असतो, म्हणून पाणी उतरलं की पुलाचा उतार तीव्र होतो. काही ठिकाणी रोलर आणि बसायचा बाक असतो, ज्यामुळे व्हीलचेअरवरचा माणूस स्वतःच्या स्वतः सरकून होडीत बसू शकतो. सिव्हिलवाल्यांनी याचा प्रोजेक्ट म्हणून विचार करायला हरकत नाही. यात एक गोची मात्र आहे. धक्का शांत पाण्यात हवा, म्हणून तो प्रवाहाच्या मुख्य ओढीपासून बाजूला बांधतात. पण जिथे पाणी शांत होतं तिथेच गाळ बसतो! म्हणजे चांगली जागा निवडली की ती गाळाने भरणार, आणि न भरणारी निवडली की होड्या वाहून जाणार.

अशा धक्क्यावर डबा लपवायला जिओकॅशिंगवाल्यांना फार आवडतं, कारण सरळ आहे. गाडी लावायला जागा, पाटी, बाकडी, झाडं सगळं असतं, आणि येणारा माणूस थोडा वेळ रेंगाळला तरी कोणाला संशय येत नाही. खेळात प्रत्येक डब्याला दोन मार्क असतात, एक ते पाच. पहिला शोधायला किती अवघड याचा, दुसरा पोचायला किती अवघड याचा. पोचण्याचा एक म्हणजे व्हीलचेअरवरून जाता येईल, आणि पाच म्हणजे दोर, हवेची टाकी किंवा होडी असं खास साधन लागेल. आता गंमत बघा. गाड्या लावायच्या जागेतल्या दिव्याच्या खांबाला चिकटवलेला चुंबकी डबा 'एक'चा, आणि समोरच्या बेटावरचा डबा 'पाच'चा. दोन डबे एकमेकांपासून कमीत कमी १६१ मीटर, म्हणजे मैलाच्या दहाव्या भागाइतके, लांब हवेत असा नियम आहे. म्हणजे पट्टीची दोन्ही टोकं एकाच धक्क्यावर उभं राहून डोळ्यांनी दिसू शकतात! तिथे 'एक' आणि 'पाच' यांच्यात फक्त पाणी आहे.

माझी मावसबहीण लग्न होऊन ऑरेगनमधल्या सालेमला गेली. (तामिळनाडूतलं सेलम नव्हे. आमच्या आजीने बरेच दिवस तोच समज करून घेतला होता.) ताई आणि भावजी एका मार्च महिन्यात अशाच एका धक्क्याजवळचा डबा शोधायला गेले. होडी नव्हती, काठावरचाच साधा डबा. मोबाइल सांगत होता नऊ मीटर. बाण सरळ पाण्याकडे! भावजी म्हणाले, पलीकडे त्या आडव्या पडलेल्या झाडाखाली असणार, मी जरा वाकून बघतो. ताईने त्यांचा जर्किनचा टोपरा धरला आणि आधी त्या पानावरच्या जुन्या नोंदी वाचायला लावल्या. डिसेंबरपासून तीन जणांनी 'सापडला नाही' असं लिहिलं होतं. नदीची पातळी बघितली तर ती चढलेली. म्हणजे डबा काठावरच ठेवला होता, पण तो काठ हिवाळ्यात पाण्याने गिळला होता. दोघं थर्मासमधला चहा पिऊन घरी आले. ताई मला फोनवर म्हणाली, "डबा चाळीस रुपयांचा गं. नवरा महाग पडला असता."

मला या खेळातली खरी मेख इथे वाटते. आकडे जमिनीच्या एका बिंदूचे असतात. बिंदू हलत नाही, पण नदी हलते. काठ कापला जातो, नवीन वाळू साचते, झाड उन्मळून येऊन अडकतं. त्यात तिथला पावसाळा आपल्या उलटा, साधारण नोव्हेंबर ते मार्च. ऑगस्टमध्ये ज्याने डबा लपवला त्याला कोरडाठाक काठ दिसतो, जानेवारीत शोधणाऱ्याला तिथे कमरेएवढं पाणी दिसतं, आणि मोबाइलवर आकडे तेच! वरच्या खोऱ्यात लष्कराच्या इंजिनिअर्सनी बांधलेली तेरा धरणं आहेत, तरी फेब्रुवारी १९९६ मध्ये सालेमला ही नदी ३५ फुटांवर गेली होती. पुराची पातळी तिथे २८ फूट मानतात.

म्हणून तिथले जाणकार घरातून निघण्यापूर्वी दोन आकडे बघतात : पाण्याची उंची आणि विसर्ग. अमेरिकेची भूगर्भ सर्वेक्षण संस्था नदीवर ठिकठिकाणी मापकं लावून हे आकडे इंटरनेटवर सतत देत असते. आमच्या सांगलीकर मित्रांना हे वेगळं समजवायला नको. जुलै-ऑगस्टमध्ये त्यांच्या घरून फोन आला की "जेवलास का?" नंतरचा प्रश्न त्यांचाच असतो : "आयर्विन पुलाची पातळी किती झाली?" अनुभवी माणूस डबा लपवतानाही आधी झाडांकडे बघतो. गेल्या पुराचा पाचोळा कुठल्या फांदीपर्यंत अडकलाय ते पाहून त्याच्या वर जागा शोधतो. लष्कराची जुनी काडतुसांची लोखंडी पेटी या खेळात फार लोकप्रिय आहे, कारण तिच्या झाकणाला रबर असतं आणि आत पाणी जात नाही. पण आर्किमिडीजला कोण चुकवणार? मोठी पेटी सात-एक लिटर पाणी बाजूला सारते आणि तिचं वजन अडीच किलोच्या आसपास असतं, म्हणजे पुरात ती झकास तरंगत निघून जाते. म्हणून काही लोक तिला तारेने झाडाला बांधतात.

बाण सरळ रेषेत अंतर दाखवतो हाही नदीवर मोठा धोका. त्याला वाटेत काय आहे याची अक्कल नसते. ऑरेगन सिटी गावाजवळ याच नदीवर विलॅमिट फॉल्स हा धबधबा आहे, घोड्याच्या नालेसारखा, सुमारे १२ मीटर उंच. होड्या बाजूने खाली-वर नेण्यासाठी १८७३ मध्ये तिथे जलपाशाची दारं सुरू झाली, ती २०११ मध्ये बंद झाली. म्हणजे वरून येणाऱ्या होडीवाल्याने आधीच्या धक्क्यावर बाहेर पडून होडी गाडीवर टाकून पुढे नेणं आलं. बाण मात्र बिनदिक्कत धबधब्यातून पलीकडे बोट दाखवत राहणार. (इलेक्ट्रिकलवाल्यांसाठी : १८८९ मध्ये या धबधब्यावरची वीज २२ किलोमीटर लांब पोर्टलंडला नेऊन रस्त्यावरचे दिवे लावले होते. अमेरिकेतलं लांब पल्ल्याचं ते पहिलं वीजवहन. पुढच्याच वर्षी पुराने ते जनित्र खलास केलं, आणि मग तिथे एसी आलं.)

धबधबा निदान ऐकू तरी येतो. अमेरिकेतल्या दुसऱ्या कित्येक नद्यांवर बुटके बंधारे आहेत, ते वरच्या बाजूने होडीतून येताना दिसतच नाहीत. पाण्यावर एक सपाट रेघ, बस्स. पाणी बंधाऱ्यावरून पडतं, खाली हायड्रॉलिक जंप होते आणि पृष्ठभागावरचं पाणी उलटं बंधाऱ्याकडेच वळतं. त्यात सापडलेलं लाकूड, होडी किंवा माणूस गोल गोल फिरत राहतो, लाईफ जॅकेट असलं तरी. बचाव पथकातले लोक याला 'ड्राउनिंग मशीन' म्हणतात. हे आपल्यापासून लांब आहे असं समजू नका. आपल्याकडच्या के. टी. वेअरवरून पाणी जायला लागलं की असाच पलटा तयार होऊ शकतो. (ज्यांना फक्त विषयात लागणारी केटी माहीत आहे त्यांच्यासाठी : कोल्हापूर टाईप.) बरगे काढले की नाही हे काठावरून कळत नाही. फ्लुइड मेकॅनिक्सच्या जर्नलमध्ये ती जंप आपण सगळ्यांनी कोणाची तरी बघून काढलेली आहे. ती खरी बघायची असेल तर पुलावरून बघा.

आणि थंड पाणी. आपल्याला नदी म्हटलं की उन्हाळ्यातलं डुंबणं आठवतं. तिथलं हिवाळी पाणी इतकं थंड असतं की अचानक आत पडलं तर पहिला श्वास आपोआप आत ओढला जातो. तोंड पाण्याखाली असेल तर त्या श्वासाबरोबर पाणीच आत जातं. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही ते थांबवता येत नाही. म्हणून ऑरेगनमध्ये होडीतल्या प्रत्येकासाठी लाईफ जॅकेट बरोबर असावं लागतं आणि १२ वर्षांपर्यंतच्या मुलांनी ते अंगात घातलेलंच असावं लागतं. बाराच्या वरच्यांना घालण्याची सक्ती का नाही, हे मला समजलेलं नाही. पाणी काही वय विचारत नाही.

एवढं वाचून कोणाला वाटेल, मग हे लोक जातातच कशाला? एक तर मजा येते. दुसरं म्हणजे हेच लोक तो काठ सांभाळतात. २००२ पासून त्यांच्यात एक प्रथा आहे, डबा शोधायला जायचं ते कचऱ्याची रिकामी पिशवी घेऊन आणि परत यायचं ते भरून. शिवाय डबा जमिनीत पुरायचा नाही हा नियम आहे, नाहीतर प्रत्येक धक्क्याभोवती शोधणाऱ्यांनी उकिरडा उकरल्यासारखं केलं असतं.

या खेळात 'सापडला' याइतकीच 'सापडला नाही' ही नोंद कामाची असते. तिला डीएनएफ म्हणतात. नवशिक्यांना ती लिहायची लाज वाटते, आपलं फेल झाल्याचं नोटिस बोर्डावर लागल्यासारखं. पण ताईच्या त्या धक्क्यावर आधीच्या तिघांनी लाजून काही लिहिलंच नसतं तर तिला काय कळणार होतं? तिनेही घरी येऊन चौथी नोंद टाकली : पातळी चढलेली आहे, काठ निसरडा आहे, पाणी उतरेपर्यंत मुलांना आणू नका. मालकाने दुसऱ्याच दिवशी तो डबा तात्पुरता बंद केल्याचं जाहीर केलं. जूनमध्ये पाणी उतरल्यावर तो जाऊन बघून आला, जुनं झाड जागेवर नव्हतंच. नवा डबा त्याने काठापासून बराच वर, पाटीच्या मागे बसवला आणि आकडे बदलले. पोचायचे मार्क साडेतीनवरून दीडवर आले.